दुसऱ्या बाळाची लाट

३ फेब्रुवारी

मामा,

परवा दुपारी गपचूप माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अय्या, किती पटकन!" बस. त्या क्षणापासून मी कामातून गेलो.

गपचूप म्हणजे कोण ते सांगतो, नाहीतर मामी जीव खाईल. मी जिथे चिकटलोय त्या कानतपासणी केंद्रात तान्ह्या बाळांचे कान तपासणारी ती. बाळ गाढ झोपल्याशिवाय तपासणी होत नाही, म्हणून ती दिवसभर सगळ्यांना गप्प करत फिरते. त्यावरून हे नाव. मी आलो की जरा जास्तच गप्प करते, कारण माझा आवाज तुला माहीत आहे.

यंत्राशी अजून तुझीच वीस वर्षांपूर्वीची सी भाषेतली लायब्ररी बोलते. वरचा प्रोग्राम मात्र मी जावा भाषेत पार नवा लिहिला. तोच उघडलेला बघून ती म्हणाली, किती पटकन. मग मला चैन पडेना. अजून पटकन करायचं! रात्रंदिवस तेच डोक्यात. जुन्या पद्धतीत तुझी लायब्ररी आवाज ऐकून बाळाच्या मेंदूत उठणारी लाट वेगळ्या मेमरीत लिहायची आणि तिथून ती जावात कॉपी व्हायची. ही दुहेरी हमाली कशाला? मी कॉपीच उडवली. आता लाटेचे आकडे ठेवणारा जावाचा अ‍ॅरे त्याच्या हीपमध्ये, म्हणजे जावाच्या स्वतःच्या मेमरीत, जिथे असेल तिथलाच पत्ता तुझ्या फंक्शनला थेट देतो. 'क्रिटिकल' असा एक पर्याय लावला की जावा मुकाट्याने देतो. लिही बाबा, म्हणावं, थेट घरात येऊन लिही.

कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराने हे केलंय, हे आईला जरूर कळव. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

तुझा,
तडतड्या

९ फेब्रुवारी

तडतड्या, आशीर्वाद. ठेवणीतले आहेत, जपून वापर.

पत्र पोचलं. तू पत्रं लिहितोस हे बरं करतोस. फोनवर मला आता तुझं ओरडणं तेवढं ऐकू येतं, शब्द येत नाहीत. आयुष्यभर लोकांच्या कानांची यंत्रं केली आणि माझेच कान संपावर गेले.

आता कामाचं. ती कॉपी डोळ्याची पापणी अर्धी लवायच्या आत होत होती. त्या मुलीला जे पटकन दिसलं ते तू माझे जुने, रेंगाळत उघडणारे स्क्रीन काढून टाकलेस म्हणून. कॉपी काढल्याचं तिला सात जन्मांत कळणार नाही.

आणि एक विचारतो. माझं 'सुरू' फंक्शन लगेच परत येतं, पण काम तिथे संपत नाही हे लक्षात आहे ना? मागे मोजणी चालू राहते. बाळ हललं तर जास्तच वेळ लागतो. सगळं झालं की मग ते लाट लिहितं, तू सुरुवातीला दिलेल्या पत्त्यावर. तोवर ती जागा तुझ्याच ताब्यात हवी. जावाचं मला फार कळत नाही. हीपमधलं सामान ठेवल्या जागी राहतं का? बघून घे, एवढंच.

आईला कळवलं. 'बरं' म्हणाली. तिच्या मानाने ते भाषण झालं.

मामा

(मामीची भर: मुलगी घरी काय बोलते? म्हणजे कशी आहे स्वभावाने? जेवणाच्या वेळा पाळ.)

११ फेब्रुवारी

मामा,

मला वाटलंच होतं. कौतुकाचं एक वाक्य लिहिताना तुझी शाई वाळते आणि शंका काढायला बसलास की दौत उपडी होते!

सगळ्या चाचण्या पास झाल्यात. बाळामागून बाळ ठेवून बघितलं, एकदाही चुकलं नाही. तुझ्या काळी मेमरी मोजून-मापून वापरायचे, तेव्हा तुला भीती वाटणारच. आता काळ बदललाय. तुझ्या लायब्ररीला हात लावला म्हणून राग आलाय का? तसं सरळ सांग. आईसारखं आडून बोलू नकोस. कॉलेज सोडलं म्हणजे मला काहीच येत नाही, हे तुम्हा बहीणभावांनी ठरवूनच टाकलंय.

मामीला सांग, मुलगी स्वभावाने माझ्या अगदी उलट आहे.

तडतड्या

२० मार्च

मामा,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच केलंस. कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही, पण लिहितो. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

इथे फार वाईट झालंय. एका बाळाला अजिबात ऐकू येत नाही असा रिपोर्ट आमच्याकडून गेला. आईबापांनी रडून रडून दुसरीकडे तपासून घेतलं, तर बाळ ठणठणीत. टाचणी पडली तरी दचकतं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे केंद्राच्या डॉक्टर, यांनी त्या दिवसाच्या सगळ्या फाइली काढल्या. त्याच दुपारी छापलेल्या दुसऱ्या एका बाळाच्या रिपोर्टवर सुंदर लाट होती. दुसरीकडून आलेल्या रिपोर्टशी ताडली तर ती लाट या पहिल्या बाळाची! म्हणजे ज्याला ऐकू येतं त्याची रेघ सपाट, आणि त्याची लाट दुसऱ्याच्याच कागदावर. त्या दुसऱ्या बाळाला ऐकू येतं की नाही देव जाणे. त्याच्या घरच्यांचा फोन लागत नाही, जागाही बदललीय म्हणे.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मला विचारलं, "प्रोग्रामची चूक असेल का रे?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, मशीन खोटं बोलत नाही. माझा प्रोग्राम बाळं उचलून इकडची तिकडे ठेवत नाही. बाळं बदलली असतील."

बोलून गेल्यावर लक्षात आलं की बाळांच्या पायात नावाची चिठ्ठी कोण बांधतं. गपचूप.

ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बाळाची तपासणी सकाळी झाली होती. सकाळी मी माझ्या डोळ्यांनी सपाट रेघ बघितलीय. दुपारी पुढच्या टेबलावर नुसता कागद छापला गेला."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दिवसभरात इतकी बाळं होतात, तुला नीट आठवत नसेल."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा ओळखीचा माणूस गर्दीत अनोळखी वाटावा तसं.

तिला तपासणीच्या खोलीतून काढून पुढे स्वागताच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर फोन घेते. पुढच्या महिन्याच्या मध्याला मंडळाची बैठक आहे, तिथे तिला ठेवायचं की काढायचं ते ठरेल. मामा, तिला कसं वाचवू? काहीतरी सुचव. मला झोप नाही.

तडतड्या

२२ मार्च

तडतड्या,

तिला नंतर वाचव. आधी हे वाच, आणि सावकाश वाच.

गेल्या आठवड्यात मी जावाचं थोडं वाचलं. या वयात कशासाठी ते विचारू नकोस. हीप म्हणजे भाड्याच्या खोल्यांची मोठी इमारत समज. तिथे एक व्यवस्थापक असतो, ज्याला तुम्ही जीसी म्हणता. जागा कमी पडू लागली की तो सोडून गेलेल्यांचा पसारा झाडून काढतो आणि उरलेल्यांची बिऱ्हाडं उचलून दुसऱ्या बाजूला नेतो. जावातल्या झाडून सगळ्यांना नवा पत्ता सांगतो. पण मी जावातला नाही. माझी लायब्ररी परकी. मला कोण सांगणार?

तू 'क्रिटिकल' लावलंस म्हणजे काय केलंस? त्या व्यवस्थापकाला म्हणालास, पाहुणा घरात आहे तोवर माझं बिऱ्हाड हलवू नको. पाहुणा परत फिरला की वचन संपलं. माझं फंक्शन परत फिरतं लगेच आणि लिहितं नंतर. मधल्या वेळात तुझं बिऱ्हाड हललं. मी इमानेइतबारे जुन्या खोलीत लाट ठेवून आलो. तोवर तिथे दुसऱ्याचा संसार. कोणाचा? पुढच्या टेबलावर कोणीतरी छापायला म्हणून सकाळचा रिपोर्ट उघडला असेल, त्याचा. आणि ज्या बाळाची तपासणी चालू होती त्याचा अ‍ॅरे नव्या जागी कोराच. कोरा म्हणजे शून्य. शून्याची रेघ सपाट.

तुझ्या चाचणीत आलं नाही, कारण तू बाळांमागून बाळं ठेवलीस तेव्हा कोणी काही उघडत नव्हतं, छापत नव्हतं, इमारत भरतच नव्हती. केंद्रात ती दुपारपर्यंत भरते.

मी चुकत असेन. मोठी इच्छा आहे की चुकत असावं. करून बघ.

मामा

२७ मार्च

मामा,

चुकला नाहीस.

सगळे गेल्यावर खऱ्या बाळासारखी लाट देणारं नकली बाळाचं यंत्र जोडलं. तपासणी सुरू केली आणि मध्येच जीसीला मुद्दाम हाक मारून पंधरा-वीस जुने रिपोर्ट उघडले. बराच वेळ काही झालं नाही. मला हसूही आलं, म्हटलं म्हातारा चुकला. मग एका जुन्या रिपोर्टमधली रेघ माझ्या डोळ्यांदेखत बदलली. त्या रिपोर्टच्या बाळाचा फोटोही कोपऱ्यात होता, टोपडं घातलेला. आणि खाली नकली बाळाची लाट. मी यंत्राची तारच उपटली.

दुरुस्त केलं. हीपच्या बाहेर मेमरी घेतली, जी कोणी हलवत नाही. लाट लिहून होईपर्यंत ती सोडत नाही. मग कॉपी. तुझी जुनी पद्धतच. चार ओळींचं काम निघालं.

बोललो नाही कोणाला. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो. आता यापुढे होणार नाही ना? मग बोलून काय मिळणार? नोकरी जाईल. आई म्हणेल, कॉलेजही धड नाही आणि हेही नाही. आणि गपचूपला जेव्हा कळेल की 'तुला नीट आठवत नसेल' हे मी... नाही मामा. ते सोडून काहीही सांग. तिला मी परत तिच्या खुर्चीवर बसवीन. माझ्या पद्धतीने.

तडतड्या

३० मार्च

तडतड्या,

यापुढच्या बाळांचं झालं. आधीच्यांचं काय?

मामा

४ एप्रिल

मामा,

तुझं दीड ओळीचं पत्र मिळालं. त्या दुसऱ्या बाळाचे आईबाप सापडतच नाहीत, त्याला मी काय करू?

पण एक चांगली बातमी आहे. काल मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, माणूस आहे, चूक माणसाच्याच हातून होते. इतकी वर्षं तिने इतकी बाळं तपासली, एका चुकीसाठी घरी पाठवू नका. बाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या वयाच्या पोराकडून इतका समजूतदारपणा बघायला मिळत नाही." मंडळाकडे त्या माझं म्हणणं मांडणार आहेत. तिने चूक कबूल करून लिहून दिलं की ताकीद देऊन परत घेतील.

हे सांगायला मी तिच्या टेबलाशी गेलो. ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती. "हो, फुकट आहे, बाळाला पुन्हा एकदा घेऊन या, काळजी करू नका," असं काहीसं. फोन ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू माझी बाजू घेतलीस?"

मी म्हटलं, "घ्यायलाच हवी होती."

"हे उपकार कसे फेडायचे रे?" म्हणाली आणि हसली. मामा, ती माझ्याकडे बघून हसली! त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

तरी घरी येऊन जेवण गेलं नाही. का ते लिहीत नाही.

तडतड्या

६ एप्रिल

तडतड्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

तुझ्या आईने तुला पहिल्यांदा माझ्याकडे सुट्टीत पाठवलं तेव्हा तू शेजारच्यांची काच फोडलीस आणि घरात येऊन छातीवर हात मारून म्हणालास, मी फोडली, काय करायचं ते करा. तेव्हा तुझ्या कानाखाली वाजवली खरी, पण मला अभिमान वाटला होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला नको होतं, पण सांगितलं.

ज्याने केलं नाही त्याने कबूल करायचं आणि ज्याने केलं त्याने मोठ्या मनाने माफी मिळवून द्यायची, याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तूच शब्द शोध.

मामा

(मामीची भर: हे पाकीट मीच चिकटवतेय म्हणून लिहिते. यांनी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, पण मला राहवत नाही. तुझं ते वीस मार्चचं पत्र यायच्या आधीच त्या मुलीचा इथे फोन आला होता. प्रोग्रामच्या माहितीत यांचं नाव आणि घरचा नंबर अजून आहे म्हणे. यांना ऐकू येईना, मग ती सांगे ते मी पाटीवर लिहून दाखवायची आणि हे बोलायचे ते तिला सांगायची. चांगला तासभर. 'दुपारनंतरच का होतं?' असं विचारत होती. त्यावर हे वाचत बसले आणि चार दिवसांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. तुझं नाव घ्यावंच लागलं रे. मी म्हटलं, अगं मग सांग की तुझ्या बाईंना! तर म्हणाली, 'मामी, तो सांगेल. तडतड करतो, पण खोटा नाही. बैठकीपर्यंत वाट बघते, नाहीच बोलला तर मग मी बोलेन.' दुपारच्या बाळांना ती स्वतःच फोन करकरून परत बोलावतेय. आवाज फार गोड आहे तिचा. आता तूच बघ बाबा.)

१९ एप्रिल

मामा, मामी,

मामीचा मजकूर मी केंद्राच्या जिन्यात उभ्याने वाचला. वाचल्यावर पहिलं काय आठवलं सांगू? तिचं ते हसणं. 'हे उपकार कसे फेडायचे रे.' तिला सगळं ठाऊक होतं, मी तिच्यासमोर उभा राहून औदार्य वाटत होतो, आणि ती बघत होती की हा आता तरी बोलेल. आता तरी. मी घरी येऊन तुला लिहिलं, ती हसली! उद्गारचिन्ह घालून. ते पत्र जाळून टाक. नको, ठेव.

बैठकीची वाट बघितली नाही. तसाच वर गेलो. मोठ्या बाईंसमोर दोन डॉक्टर, हिशेबनीस आणि आणखी कोणीतरी बसलं होतं. म्हटलं, बाळं बदलली नव्हती. मी बदलली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: हीप, पत्ता, बिऱ्हाड, तुझेच शब्द वापरून, कारण माझे सुचेनात. तिने सकाळी सपाट रेघ बघितली होती ती खरी होती, हेही सांगितलं.

बाईंनी एकच विचारलं. "दुरुस्त कधी केलंस?"

"सत्तावीस मार्चच्या आधी."

"म्हणजे माझ्याकडे तिची रदबदली करायला आलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी चष्मा काढला नाही. आरडाओरडाही केला नाही. त्या ओरडल्या असत्या तर मला ओरडता आलं असतं. म्हणाल्या, "फेब्रुवारीपासूनचं प्रत्येक बाळ परत तपासायचं. प्रत्येक घरी फोन तू करायचास. का बोलावतोय ते खरं सांगायचं. शेवटचं बाळ झालं की तू कामावरून मोकळा."

गपचूप त्याच दिवशी आपल्या खुर्चीवर परत गेली. पुढच्या टेबलावर मी बसलो. लोक फोनवर काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यातलं एकही खोटं नव्हतं. एकाने नुसतं "तुम्हाला मुलं आहेत का?" विचारलं आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला.

ते दुसरं बाळ सापडलं. त्याच्या आईच्या जुन्या शेजारणीकडून नवा नंबर मिळाला. आज ती त्याला घेऊन आली. टोपडं काढलं, तारा लावल्या, बाळ झोपलं. मी कोपऱ्यात उभा होतो, बाईंचा हुकूम होता की त्या आईला मीच सांगायचं. रेघ सपाट आली. गपचूपने पुन्हा केली. सपाट.

त्या आईने मला विचारलं, "डॉक्टर तुम्ही?"

म्हटलं, "नाही. मी प्रोग्राम लिहिला. मागचा रिपोर्ट माझ्यामुळे चुकला होता. तुमच्या बाळाला ऐकू येत नाही."

तिने बाळाला टोपडं परत घातलं. मग म्हणाली, "मी याच्यामागे ताट आपटून बघायचे. वळायचाच नाही. मी घरात सांगितलं तर सगळे म्हणाले, रिपोर्ट आहे ना, तुझ्या मनाचे खेळ आहेत. नवरा म्हणाला, आधी तुझं डोकं तपासून घेऊ." माझ्याकडे वळली. "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"हो."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "घरी दाखवायला."

लिहून दिलं. अक्षर कोंबडीचे पाय. मोठ्या बाई तिला कानात घालायच्या यंत्राबद्दल सांगायला, पुढे काय करता येईल ते समजवायला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. उशीर झालाय, पण फार उशीर नाही, असं म्हणताना मी ऐकलं.

खोलीत मी आणि गपचूप, दोघंच उरलो. ती तारा पुसून ठेवत होती. तिला काय काय सांगायचं म्हणून मी महिनोन्‌महिने मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मामींनी सांगितलं," मी म्हटलं. "तू म्हणाली होतीस की मी सांगेन."

"म्हणाले होते."

"सांगितलं मी."

"सांगितलंस." तिने तारांची गुंडाळी केली. मग वर बघून विचारलं, "मामींचं पत्र आलं नसतं तर सांगणार होतास?"

हो म्हणता आलं असतं, मामा. ऐकायला कोणी नव्हतं. तिने कदाचित विश्वासही ठेवला असता; तिला ती खोड आहे. मी उभा राहिलो आणि खरंच शोधलं, चार तारखेच्या त्या संध्याकाळपर्यंत मागे जाऊन, जेवण गेलं नव्हतं तिथपर्यंत. कुठेतरी सापडेल म्हणून. नाही सापडलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. बाहेरून कोणीतरी हळूच म्हणालं की पुढचं बाळ झोपलंय.

"आता जा," ती म्हणाली. "आणि जाताना दार लाव."

मी बाहेर आलो आणि दार लावलं.